एकच खोटं बोलणारी अक्षरं

ब्रह्मदेशातल्या सीपॉ गावात कुणाच्या कॉम्प्युटरवरची अक्षरं बिघडली की लोक नांग ऑनला बोलवायचे. यंत्र बिघडलं तर बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे जायचं आणि अक्षरं बिघडली तर नांग ऑनकडे, अशी गावात सरळ वाटणीच झाली होती. यंत्र वेगळं आणि अक्षरं वेगळी, हे ज्या गावांना कधी कळून घ्यावंच लागलं नाही ती गावं सुखी म्हणायची. इथल्या शान माणसाची भाषा बर्मीहून वेगळी आणि अक्षरंही वेगळी, त्याला ते पहिल्याच दिवशी कळायचं.

त्या वर्षांत सगळ्या देशात एकच बर्मी फॉन्ट चालायचा. फुकट होता, दिसायला सुबक होता, आणि दुकानदार तो प्रत्येक नव्या यंत्रात आधीच घालून द्यायचे. पण बर्मी अक्षरांची जास्तीची वळणं ठेवायला त्याला जागा पुरली नव्हती, म्हणून ती शेजारच्या जागांमध्ये ठेवून दिलेली होती. त्या शेजारच्या जागा होत्या शान अक्षरांच्या. त्यामुळे शान 'क' मागावा, तर यंत्र कुठल्यातरी बर्मी अक्षराचं अर्धं शेपूट आणून द्यायचं. एखाद्या फॉन्टकडे अक्षर नसेल तर तो रिकामा चौकोन तरी दाखवतो. चौकोन दाखवणं म्हणजे प्रामाणिकपणे 'मला येत नाही' असं कबूल करणं. हा फॉन्ट तसं कबूल करायचा नाही. बेधडक चुकीचं अक्षर पुढे करायचा, आणि नांग ऑनचा सगळा राग त्या बेधडकपणावर होता.

थायलंडात च्यांगमाईला कामाला गेलेल्या मावसबहिणीने तिला एक सीडी आणून दिली. तीत शान फॉन्ट होता आणि यंत्रात वरून घालायचा एक एवढासा प्रोग्रॅम होता. खिडकीच्या माथ्यावरचं नाव, मेनू, चित्राखालची नावं, निरोपाची चौकट, अशा एकेका जागेसाठी त्यात फॉन्टची यादी. हवा तो निवडायचा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं, की आतबाहेर सगळीकडे नवी अक्षरं. पहिल्या दिवशी नांग ऑनचं बोट यादीत एक ओळ खाली पडलं आणि चित्रांचा फॉन्ट निवडला गेला. यंत्र चालू झालं ते सगळीकडे कात्र्या, टेलिफोन आणि बोट दाखवणारे हात घेऊन. 'रद्द करा' हे बटणसुद्धा दोन कात्र्या आणि एक लिफाफा होऊन बसलं होतं. नांग ऑनच्या तोंडचं पाणी पळालं.

मागे तिची आई सुपात हरभरे निवडत बसली होती. ती म्हणाली, "अगं, एवढे हात बोट दाखवतायत, तर जा की त्या बाजूला!"

"आई, गप्प बस जरा. माझा जीव चाललाय."

"तुझा नाही, त्या डबड्याचा चाललाय."

शेवटी नांग ऑनने डोळे मिटले, आणि तिसरी ओळ, दुसरं बटण असं आठवत आठवत ती जशी आत गेली होती तशी बाहेर आली. त्या दिवसापासून गावात कुणाचंही यंत्र हातात घेतलं की आधी ती जुनी मांडणी वहीत उतरवून ठेवायची.

तिची आई म्हणजे नांग खाम यिंग. सारं गाव तिला पा यिंग म्हणायचं, पा म्हणजे मावशी. चाळीस वर्षं ती हरभऱ्याच्या पिठाचा तोहू करून विकत आली होती. सकाळी कढईतला ऊन ऊन तोहू डाव्या हाताने ढवळून शेवयांवर ओतून द्यायचा, उरलेला थापून, कापून, तळून दुपारी विकायचा. जीभ तिखट. गिऱ्हाईक वाटीत खाली डोकावून बघू लागलं की म्हणायची, "काय शोधतोस, सोनं पडलंय का?" शाळेत ती दोन वर्षं गेली, तीही बर्मी शाळेत. शान अक्षरं मठात भावांना शिकवली, तिला नाही. साठी उलटल्यावर उन्हाळ्यातल्या मठाच्या वर्गात ती सहा-सहा वर्षांच्या पोरांमध्ये जाऊन बसली आणि दोन महिन्यांत अक्षरं शिकून आली. पण हात थरथरायचा. पेन धरलं की 'मा'ची मांजर व्हायची, असं ती स्वतःच म्हणायची.

म्हणून नांग ऑनने एक जुनं यंत्र आईसाठी बाजूला काढलं. त्यावर तो छोटा प्रोग्रॅम चालवला, जागोजागी शान फॉन्ट लावला, पडद्यावरच्या चित्रांची नावं बदलली. कॉम्प्युटरच्या चित्राखाली शान अक्षरांत लिहिलं 'घर', टोपलीखाली 'रद्दी', आणि एका पिवळ्या फोल्डरखाली 'यिंग'. सकाळी आईला खुर्चीत बसवलं.

पा यिंगने ते नाव एकेक अक्षर लावून वाचलं. तिचं नाव शिधापत्रिकेवर होतं, ओळखपत्रावर होतं, मतदारयादीत होतं, सगळीकडे बर्मी अक्षरांत आणि अर्ध्या ठिकाणी चुकीचं. छापल्यासारख्या शान अक्षरांत ते तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ती उठली, मागच्या दारी गेली, आणि हात धुऊन आली. मग तिने एक बोट पडद्याच्या काचेवर, आपल्या नावाखाली ठेवलं. मंदिरात ठेवतात तसं. नांग ऑनचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ती हे काम करत होती, पण आपण नक्की काय करतो हे तिला त्या सकाळी कळलं.

त्यानंतर रोज दुपारी तोहू संपला की पा यिंग एका बोटाने लिहायला बसायची. काय लिहितेस म्हणून विचारलं तर पडदा हाताने झाकायची.

"वाचायचं नाही. मी गेल्यावर माझ्या नावाने मठात पोथी द्याल ना? ती ही. तेव्हा सगळ्यांबरोबर ऐक."

"अगं, पोथी म्हणजे धर्माची असते. जुनी कुठलीतरी उतरवून घेतात."

"माझ्या नावाने दुसऱ्याचं कशाला? मी काय लिहू शकत नाही?"

माणूस गेलं की त्याच्या नावाने पोथी लिहवून मठाला द्यायची आणि पोथीवाचकाकडून सगळ्यांसमोर सुरात वाचवून घ्यायची, ही तिकडची रीत. पा यिंग आयुष्यभर अशा पोथ्या ऐकत आली होती. यमकं तिच्या कानात मुरलेली होती. नांग ऑनने आईला शब्द दिला आणि पाळला. त्या पिवळ्या फोल्डरातलं एक अक्षरही तिने वाचलं नाही.

लिहून झालं तेव्हा पा यिंगला ते कागदावर बघायचं होतं. नांग ऑनच्या प्रिंटरने तेव्हाच मान टाकलेली. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन छापखान्यात गेली, समोर गर्दी होती, म्हणून ठेवून आली आणि संध्याकाळी एकतीस पानं घेऊन परतली. घरी येऊन बघते तर पानांवर सगळा बर्मी शेपट्यांचा गोंधळ. छापखान्याच्या यंत्रावर तोच बेधडक फॉन्ट! जिथे तीन चिन्हं एका जागी आली तिथे ती एकमेकांवर चढून शाईचा काळा ठिपका झाला होता. परत जाऊन विचारलं, तर छापखानेवाला म्हणाला, "मला काय कळतंय, मला शान कुठे येतं?" गावभर दुसऱ्यांची अक्षरं सुधारत फिरणाऱ्या बाईने स्वतःच्या आईचं लिखाण न तपासता ठेवून यावं, ह्याला काय म्हणायचं! आई मात्र हसली. "उद्या छाप," म्हणाली.

उद्या कुठला उगवायला. पेनड्राइव्हला छापखान्यात विषाणू लागला होता म्हणून नांग ऑनने तो पुसून टाकला, मूळ प्रत यंत्रात आहेच म्हणून. आठ दिवसांनी वीज आली ती दुप्पट दाबाने, आणि आईचं यंत्र आतून जळून गेलं. छापखान्यात धावत जाऊन पाहिलं, तर ते लोक रोज संध्याकाळी सगळं पुसून टाकण्याची शिस्त पाळणारे. गिऱ्हाइकांना ती उठता-बसता सांगायची, दोन प्रती ठेवा म्हणून. आईला सांगायचा धीर तिला झाला नाही. उद्या छापते, परवा छापते करत महिना गेला, आणि एका पहाटे पा यिंग झोपेतच गेली.

ती एकतीस पानं नांग ऑनने फेकली नाहीत, पण जवळही घेतली नाहीत. पडद्यावरचा फॉन्ट बदलता येतो, कागदाचा बदलता येत नाही, एवढं तिला कळत होतं. गठ्ठा रद्दीत पडून राहिला. तोहूची गाडी आता भावजय चालवायची.

वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा मठातला पावसाळी मुक्काम, सुरू झाला तेव्हा आईच्या नावाने पोथी द्यायची वेळ आली. नांग ऑन लुंग पोम्मांकडे गेली. लुंग म्हणजे मोठे काका. गावातला सगळ्यांत जुना पोथीवाचक. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. जाताना भावजयीने तिच्या हातात तळलेल्या तोहूची पुडी दिली.

"कुठलीही जुनी पोथी वाचा लुंग," नांग ऑन म्हणाली. "आईची होती ती माझ्याच्याने गेली."

लुंगनी आधी तोहू खाल्ला. चिंचेची चटणी बोटाने पुसून खाल्ली. मग पुडीचा कागद मांडीवर सपाट केला आणि त्यावर भिंग धरलं. नांग ऑनने वाकून पाहिलं. आईच्या गठ्ठ्यातलं पान होतं ते.

"रद्दी आहे लुंग. फॉन्ट बिघडला होता. द्या इकडे."

"थांब गं. ह्यात यमक आहे."

"काय आहे?"

"यमक, यमक! बहिरी झालीस काय? ही बघ, शेपटी आणि वर टोपी. ओळीच्या शेवटी आली. पुढच्या ओळीत पाचव्या जागी तीच. मग पुन्हा शेवटी. तिथून नवी जोडी सुरू. रद्दी इतकी शिस्तीत नसते, पोरी."

नांग ऑन त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली. लुंगचं बोट तेलकट कागदावरून सरकत होतं.

"ही अक्षरं खोटं बोलतायत," ते म्हणाले, "पण एकच खोटं बोलतायत. 'क'ला दरवेळी ह्याच शेपटीत लपवतायत. रोज नवी थाप मारणाऱ्याला मी काय पकडणार? हे तर बिचारे एकाच थापेला चिकटून बसलेत."

"आणि हे काळे ठिपके?"

"आमच्या जुन्या पोथ्यांत सूर लिहायचेच नाहीत. नुसतं 'मा' लिहिलेलं, आणि आपल्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. आता तो कुत्रा, घोडा, की 'ये' म्हणतोय? ते ओळ सांगते. मी साठ वर्षं न लिहिलेलंच वाचत आलोय. तुझ्या ठिपक्याचं काय घेऊन बसलीस!"

मग त्यांनी डोळे मिटले, आधीची ओळ गुणगुणली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज न थांबता ठिपक्यावरून पुढे गेला. भिंग लावून त्यांनी ठिपक्याच्या कडेला बाहेर आलेली बारीकशी वेलांटी तपासली. बरोबर होती. हळूहळू, अडखळत, एक ओळ पुरी झाली: 'पीठ गाळ, घाई नको; घाईची गुठळी झाली, तर ती तुलाच गिळायची आहे.'

 हे वाक्य नांग ऑनने लहानपणी रोज सकाळी ऐकलं होतं, त्याच तिखट आवाजात. आई कागदात होती. चार महिने ती रद्दीत पडून होती, आणि गावातली सगळ्यांत हुशार फॉन्टवाली तिच्यावरून येत-जात होती.

ती धावतच घरी गेली. गठ्ठा मोजला. सत्तावीस पानं. ह्या तेलकट पानासकट अठ्ठावीस. तीन आधीच तोहूभोवती गुंडाळून कुणाकुणाच्या घरी गेली होती. भावजय रडायला लागली, तिला समजावायलाही नांग ऑनला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी लुंग तिच्या दुकानात वेताच्या स्टुलावर येऊन बसले. नांग ऑनने नव्या यंत्रावर शान अक्षरं एकेक करून लिहिली, प्रत्येकाच्या नावाचं एक फोल्डर. मग तो छोटा प्रोग्रॅम उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम, हाताने, तो बेधडक फॉन्ट लावला. यंत्र बंद करून चालू केलं. पडदा उजळला, आणि सगळ्या फोल्डरांनी मुखवटे चढवलेले होते. 'क'च्या जागी शेपटी. 'त'च्या जागी उलटी टोपी. कुठलं अक्षर कुठल्या सोंगात आहे हे समोरासमोर दिसत होतं. पुन्हा शान फॉन्ट लावला, तर मुखवटे उतरले.

लुंगच्या हातातला चहा तसाच राहिला. "परत कर," ते म्हणाले. तिने परत केलं. "परत." पाच वेळा केलं. प्रत्येक वेळी यंत्र बंद-चालू व्हायला वेळ लागायचा, आणि म्हातारा काळ्या पडद्याकडे टक लावून बघत बसायचा.

"शंभर लेखनिकांच्या हातच्या चुका वाचल्या मी," ते शेवटी म्हणाले. "दारू पिऊन लिहिणारे होते, झोपेत लिहिणारे होते. बिनहाताचा लेखनिक आज पहिल्यांदा पाहिला. आणि काय इमानी आहे गं! एकदा म्हणून चूक चुकत नाही."

नांग ऑनला मात्र अचंबा वाटत होता तो त्यांचा. जे करायला तिला यंत्र, वीज आणि सीडी लागली, ते ह्या माणसाने एका डोळ्याने, तेलकट कागदावर, तोहू खाता खाता केलं होतं. तिने आता दुरुस्त झालेल्या प्रिंटरवर तक्ता मोठ्या अक्षरांत छापून त्यांना दिला. त्यांनी पानं उचलली.

"आता मी घरी वाचून काढतो. तू ऐकायचं ते मठात. आईला शब्द दिलायस ना?"

"लुंग, ती तीन पानं... तुम्ही जुळवून घाला ना. तुम्हाला जमेल."

"मला जमेल," लुंग म्हणाले. "पण ते यिंगचं नसेल. गेलं ते गेलं."

उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी सकाळी मठात पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं दाटीने बसली होती. लुंग पोम्मा बसक्या चौरंगावर बसले आणि समोरच्या तिवईवर त्यांनी तीच बिघडलेली पानं ठेवली. स्वच्छ प्रत काढायला त्यांचा डोळा चालत नव्हता. ते सरळ मुखवट्यांवरूनच वाचणार होते. पहिल्या रांगेतल्या भिक्खूंनी वाकून पान पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि हात जोडले.

वाचन सुरू झालं. लोक दानाची, पुण्याची ओळ येईल म्हणून वाट बघत होते. आली ती हरभऱ्याची. कुठल्या शेतातला घ्यावा, किती वेळ भिजवावा, पाट्यावर कसा वाटावा, फडक्यातून कसा गाळावा. आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग गिऱ्हाइकांची वर्णनं आली आणि सगळा मठच हसला, कारण ज्यांची वर्णनं होती तेच समोर बसले होते. "सोनं पडलंय का?" ही ओळ आली तेव्हा एका म्हाताऱ्याने हसता हसता डोळे पुसले. मग हळूहळू हसणं थांबलं. एवढा जुना, एवढा जड सूर, ज्यात बुद्धाचे पूर्वजन्म गायचे, त्यात एका बाईची चाळीस वर्षांची पहाट चालली होती, आणि कुठेच ती त्या सुराला हलकी पडत नव्हती. जिथे पानं गहाळ होती तिथे लुंग तेवढा वेळ नुसते गप्प बसले. कुणी खोकलं नाही.

शेवटचं पान आलं तेव्हा लुंगच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा लावलं, आणि मान हलवली.

"ये गं," ते म्हणाले. "तक्ता तुझा, आई तुझी. हे तू वाच."

"मला सूर येत नाही, लुंग."

"अक्षरं येतात ना? ये."

नांग ऑन चौरंगाशी गुडघ्यांवर बसली. तक्ता तिला लागला नाही. शेपटी 'क', उलटी टोपी 'त', तिच्या डोळ्यांदेखत मुखवटे आपोआप उतरत गेले. ती पहिलीत वाचतात तसं एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचू लागली.

'कढईत ढवळताना हात बदलू नये. ज्या हाताला लय लागली तोच ठेवावा. लोक मला डावरी म्हणतात. मी डावरी नव्हे. ऑन झाली त्या वर्षी ती माझ्या उजव्या दंडावरच झोपायची, खाली ठेवली की जागी व्हायची. म्हणून मी डाव्या हाताने ढवळायला शिकले. पुढे ती मोठी झाली. हात तोच राहिला.'

पान तिथे संपलं होतं. नांग ऑनने बोट वरच्या ओळीवर नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, ह्या वेळी मनातल्या मनात, कारण तिला वाटलं आपण तक्त्यात कुठेतरी चुकलो. ती चुकली नव्हती.